नदी ह्या हाताला

चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवून जिची बोटं सुईसारखी सरळ राहिली आणि पाठ मात्र हँगरसारखी वाकली, त्या बाईला सगळी गल्ली ‘कोटवाली मावशी’ म्हणत असे. आता वय शहात्तर. मशीन झाकून ठेवलेलं. पण कापड बेतायचं लांबलचक टेबल तिनं अजून काढू दिलं नव्हतं, आणि त्या वर्षी उन्हं मऊ व्हायला लागली तेव्हा त्याच टेबलावर एका प्रवासाची आखणी सुरू झाली.

प्रवास तिच्या आईच्या गावाचा. आई नऊ वर्षांची असताना वडिलांचा हात धरून तिथून निघाली होती. वडीलही शिंपीच. एका खांद्यावर मशीन, दुसऱ्या खांद्यावर झोपलेली धाकटी बहीण. त्यानंतर आई परत गेली नाही. “पुढच्या वर्षी जाऊ,” असं ती दर वर्षी म्हणे, आणि पुढचं वर्ष आलं की कुणाचं तरी लग्न निघे, कुणाच्या तरी लग्नाचे कोट निघत. बोलताबोलता आई एक दिवस गेली. गाव राहिलंच.

पण ते गाव मावशीला पाठ होतं. लहानपणी दुपारी आई हाताशिलाई करत बसे, ही तिच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात लोळत असे, आणि आई टाक्यामागे टाका घालावा तसं गाव सांगत जाई. “पूल ओलांडला की तिसरं घर आपलं. दाराशी दगडी पायरी. बाबा तिच्या कडेवर कात्री घासायचे, घासून घासून खाच पडली होती. माझं बोट बरोब्बर मावायचं त्यात. मग शाळेची वाट. नदी ह्या हाताला, चक्की त्या हाताला.” मावशीचे डोळे मिटायला लागत आणि ती त्या वाटेनं चालायला लागे. पुढे म्हातारपणी दुपारची आडवी झाली की अजूनही ती तशीच चालत असे. पाणी वाहताना ऐकू येई, चक्कीचं पीठ उन्हात तरंगताना दिसे. फक्त पुलाशी आली की दर वेळी काहीतरी अडखळे. पाऊल एकीकडे आणि वाट दुसरीकडे, असं होई आणि जाग येई.

आखणी करणारी होती भाची, मावशीच्या दिवंगत बहिणीची मुलगी. शाळेत ग्रंथपाल. तिच्या वहीत सगळं रकान्यांत: कुठली बस, कुठलं दप्तर, कुणाला काय विचारायचं. पंख्याखाली टेबलावर नकाशे उडू नयेत म्हणून तिनं मावशीच्या जुन्या इस्त्र्या वजनाला ठेवल्या होत्या.

“मावशी, घोळ असा आहे,” ती म्हणाली. “ह्या नावाची गावं दोन आहेत. एकाच नदीवर. एक वरचं, एक खालचं. मधे अर्ध्या दिवसाची वाट. दोन्हीकडे पूल, दोन्हीकडे पाणचक्की. आजी कुठलं म्हणायची?”

“ती नुसतं गाव म्हणायची गं. स्वतःच्या गावाला कोण वरचं-खालचं म्हणतं?”

“दोन्ही बघून येऊ,” भाची म्हणाली खरी, पण लगेच तिची नजर मावशीच्या गुडघ्याकडे गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: चार दिवस, एकच गाव, आणि आल्यावर मुकाट्यानं ऑपरेशन. गुडघा सुधारला तरी हृदयाचं काही सांगता येत नाही, तेव्हा ह्याच प्रवासाला शेवटचा समजा.

मावशीला मरणाची भीती नव्हती. तिची भीती वेगळीच होती, आणि ती तिनं एकदाच, दोरा ओवताना बोलावं तसं सहज बोलून दाखवली. “मी चुकीच्या गावात जाऊन, भलत्याच्याच पायरीवर बसून ढसाढसा रडून आले तर? आणि मनाला पटलं तर, की हेच ते? मग आई कुठे राहिली गं?”

भाची वहीची पानं चाळायला लागली. उत्तर मामाला सुचलं. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, टपालखात्यातून निवृत्त, रोज चहाच्या वेळेला न चुकता हजर. “ताई, म्हणून म्हणतो कागद बघ. पत्त्यावाचून पत्र पोचत नाही, तू काय पोचणार?”

कागद होता. वरच्या गावच्या दप्तरातल्या कारकुनानं भाचीला सुरेख अक्षरात कळवलं होतं: त्या सालांत इथे एक शिंपी कुटुंब होतं, नवरा-बायको आणि मुली, मुलींची नावं लिहिलेली नाहीत. खालच्या गावचं दप्तर एका पुरात भिजून लगदा झालेलं. तिथे विचारायला माणूस नाही, उतरायला खोली नाही.

“आणि आईचा नकाशा?” मामानं भिंतीकडे बोट केलं.

मशीनच्या वर, छताला लागून, काचेच्या चौकटीत कोटाच्या अस्तराचा तुकडा होता, वीतभर रुंद. शेवटच्या आजारपणात आईनं त्यावर खडूनं गाव आखलं होतं आणि रेघा पुसू नयेत म्हणून वरून कच्चे टाके घातले होते. नदीला निळा दोरा, घरांना फुल्या, पायरीला एक गाठ. आई गेल्यावर मामानंच ते काचेत घालून आणलं. खडूच्या रेघा दिसतील अशी बाजू पुढे ठेवून. आईच्या हाताची रेघ, ती कोण झाकेल?

भाची स्टुलावर चढली, मोबाईलमधला आकाशातून घेतलेला फोटो चौकटीशेजारी धरला. “पुलावरून शाळेकडे जाताना नदी डावीकडे. वरच्या गावात नदी डावीकडेच आहे! खालच्या गावात उजवीकडे. मावशी, वरचंच.”

“झालं,” मामा म्हणाला. “कागदही तेच म्हणतो, कापडही तेच म्हणतं. आता काय गावानं घ्यायला यावं अशी इच्छा आहे?”

मावशीला हसू आलं. वरच्या गावची तिकिटं काढली गेली, खोली ठरली. त्या दुपारी मावशी आडवी झाली, वाटेनं निघाली, पुलाशी आली आणि पुन्हा अडखळली. म्हातारपण, तिनं मनाला सांगितलं.

निघायला पाच दिवस राहिले असताना तिनं चौकट उतरवून घेतली. आईचं कापड सोबत न्यायचं होतं, आणि काच कोण वागवणार? मागचे खिळे काढून तुकडा टेबलावर आला तेव्हा इतक्या वर्षांच्या घड्या त्याला पडलेल्या. मावशीनं इस्त्री तापवली, ओलं फडकं घेतलं आणि सवयीनं, काही विचार न करता, इस्त्री उलट बाजूनं करायची म्हणून कापडावर हात फिरवून उलट बाजू शोधली.

खडूच्या रेघा उलट बाजूवर होत्या.

अस्तराला एक चकचकीत अंग असतं, एक मंद. खडू मंद अंगावर होता. गाठीही तिकडेच. मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि खाली बसली. सोळाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा एकटीनं कोट बेतला होता आणि त्याला दोन्ही डाव्याच बाह्या निघाल्या होत्या. गिऱ्हाईक पोटभर हसलं. आई मात्र हसली नव्हती. “खडू नेहमी उलट बाजूवर चालतो,” ती म्हणाली होती. “आणि उलट बाजूवर उजवं डावीकडे जातं. आखताना कापड डोक्यात फिरवायचं, म्हणजे सुलट केल्यावर अंगावर बरोबर बसतं.” आईनं जन्मात कधी सुलट बाजूला खडू लावला नव्हता. मरतानाही लावला नाही. तिनं गाव उलट आखलं होतं, सुलट करून बघणाऱ्यासाठी.

मावशीनं कापड उलटलं. चकचकीत अंगावर नुसते टाके, सुबक, पावसाच्या रेघेसारखे. निळी नदी पुलावरून वळून उजवीकडे गेली होती.

“शिंपिणीची लेक, शिंप्याची नात,” ती स्वतःशीच पुटपुटली, “आणि उलटा कोट भिंतीला टांगून वीस वर्षं बघत बसले.”

मामा चहाला आला तेव्हा भाचीही आली होती. मामानं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. “ताई, एका चिंधीच्या भरवशावर? तिकडे कारकून आहे, वही आहे, खोली आहे. इकडे काय आहे?”

“तू कधी शिवलं नाहीस रे, तू पत्रं वाटत होतास.”

“पण आजीनं उलट बाजूच खरी धरून आखलं असेल तर?” भाचीनं हळूच विचारलं. “आजारी होती. तुला आठवतं का दुसरं काही? एखादी तरी खूण?”

मावशीनं डोळे मिटले. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती चिंध्यांत लोळली. वर आईचा चेहरा, मागे खिडकीचं ऊन. नदी ह्या हाताला, आई म्हणते आणि हात पुढे करते. कुठला हात? हातावर काहीतरी लखलखतं, मुलीच्या डोळ्यांवर कवडसा येतो, म्हणून तर डोळे मिटतात. आईच्या मधल्या बोटातलं अंगुस्तान. सुईला मागून रेटायला घालतात ते.

तिनं डोळे उघडले. तिचा स्वतःचा उजवा हात पुढे आला होता, मधलं बोट किंचित वाकलेलं.

“अंगुस्तान होतं तो हात,” ती म्हणाली. “आईनं सुई कधी डाव्या हातानं धरली का?”

मामानं तिच्या वाकलेल्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, “कधी कधी पत्ता चुकलेलं पत्रही पोचतं. पण विचारून तर घे.”

खालच्या गावात चालू फोन एकच, शाळेतला. भाचीनं लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मुख्याध्यापिका बाई दमदार आवाजाच्या होत्या. पुलावरून शाळेकडे येताना नदी कुठल्या हाताला? उजव्या. का हो? आणि पुलापासून तिसरं घर?

“तिथे घर कुठलं? माझ्या आधीच पडलं. पायरी आहे. आमची मुलं तिथे बसून बुटांच्या नाड्या बांधतात.”

मावशी पुढे वाकली. “बाई, त्या पायरीच्या कडेला जरा बघता का? काही आहे का?”

“काही म्हणजे?”

“मी सांगत नाही. तुम्हीच बघा.”

“अहो, वर्ग चालू आहे माझा!” मग थोडं थांबून, “बरं. थांबा.”

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग बाईंच्या चपला दूर गेल्या. तिघं टेबलाशी बसून राहिली. फोनमधून ती खोली ऐकू येत होती: मुलं एका सुरात पाढे म्हणत होती, बाई गेल्याचं कळल्यावर सूर विस्कटला, कुणीतरी खुदकन हसलं. एक दार वाऱ्यानं हलत होतं. त्या सगळ्याच्या मागे, अगदी मागे, एक आवाज होता, सतत, न तुटणारा, लांब कापड फाडावं तसा. मावशीनं डोळे मिटले आणि चालायला लागली. पूल आला. नदी ह्या हाताला. पाऊल अडखळलं नाही. पूल मागे पडला, ऊन अंगावर आलं, पीठ तरंगत होतं.

चपला परत आल्या. बाईंना धाप लागली होती.

“खाच आहे,” त्या म्हणाल्या. “लांब, गुळगुळीत. माझं बोट नाही मावलं. पहिलीतल्या मुलीचं मावलं. कशाची हो ती?”

मामानं चष्मा काढून पुसायला घेतला, पुसतच राहिला. भाचीनं वही उघडली आणि वरच्या गावच्या तिकिटांवर रेघ मारली.

“कात्रीची,” मावशी म्हणाली. “बाई, आम्हाला रात्री वर्गात झोपू द्याल का? दोघीच आहोत.”

“तिघं,” मामा म्हणाला.