वेचणीतले तीन रिकामे दिवस

हेमलताताईंना एक खोड होती. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडायच्या नाहीत. धुळ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या तेव्हापासूनची ही खोड, प्रचाराला निघाल्या तरी गेली नाही. बाकीचे उमेदवार हात जोडून मत मागायचे आणि या विचारायच्या, मागच्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं?

आमदारकीचं तिकीटही त्यांना अशाच एका प्रश्नामुळे मिळालं होतं. पंधरा वर्षांपूर्वी चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्यांनी मजुरांची पाहणी केली. ऐन कापूस वेचणीत तिथल्या बायका आठवड्यातले तीन दिवस रिकाम्या होत्या. हा आकडा पेपरात आला, सरकारी समितीत गाजला, आता पक्षाने पोस्टरवरही छापला. मात्र शेतात बोंडं फुटलेली असताना हातांना काम का नव्हतं, हे खुद्द ताईंना कधी उमगलं नाही. त्यांनी पाऊस तपासला, भाव तपासले, गुजरातेत जाणाऱ्या मजुरांच्या टोळ्या तपासल्या.

आज त्याच गावात सभा होती. माइक जोडून होईपर्यंत ताई मोगराबाईच्या ओट्यावर टेकल्या. त्या पाहणीत पहिलं नाव हिचंच होतं. ताईंनी सरळ विचारलं, तेव्हा तीन दिवस काम का नव्हतं?

मोगराबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "काम तं बक्कय व्हतं, ताई. तूच निरोप धाडा व्हता ना, नाव लिखनं शे, घर रहा म्हनीसन. तीन दिन तुनी वाट देखत बसनूत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नावं लिहायची आहेत, घरी थांबा, असा निरोप पुढे पाठवून, वाटेत जीप बंद पडली म्हणून ताई तीन दिवस उशिरा पोचल्या होत्या, आणि पोचल्या पोचल्या विचारलं होतं, गेल्या सात दिवसांत किती दिवस काम केलंत? बायकांनी खरं तेच सांगितलं. फॉर्मात 'का'चा रकाना नव्हता. ताईंना आधी हसू आलं, मग लाज वाटली, फार लाज वाटली.

ओट्याशी उभे राहून हे ऐकणारे पक्षाचे तालुकाध्यक्ष शालिग्रामनाना कानाशी लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले. आकडा चुकला असेल, पण गरिबी तर खरी आहे, आणि मतदानाला आठच दिवस उरलेत. ताईंना ते थोडं पटतही होतं. हा आकडा गेला तर मत कशाच्या जोरावर मागायचं?

स्टेजसमोर टेम्पोतून आणलेल्या दोनशे बायका बसल्या होत्या. पलीकडच्या शेतांत कापूस पांढराशुभ्र फुटलेला. ताईंनी भाषणाचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, आज वेचणी सोडून किती जणी आल्यात?

सगळे हात वर गेले.

ताईंनी टेम्पोवाल्यांना सांगितलं, बायकांना शेतात नेऊन सोडा. कुणी उठलं नाही. दुपार कलली होती. शेवटी पुढच्या रांगेतून मोगराबाईच म्हणाली, "आते बोल, ताई. आजनी मजुरी तं बुडनीच शे."

ताईंनी माइक जवळ ओढला आणि जीप बंद पडली तिथपासून सांगायला सुरुवात केली.