उसनं ऊन

आई गेल्यावर मी परसातला तो कोपरा हाती घेतला. एका बाजूला उंच भिंत, वर शेजारच्या झाडाची दाट सावली. फुटक्या कुंड्या, शेवाळलेल्या विटा आणि मधोमध एक काटेरी, वाळकी काटकी. "तुझ्या हाताला झाड लागत नाही," असं आई मला जन्मभर म्हणत आली. निदान इथे तरी माझ्या हातचं काही जगावं, एवढंच मला हवं होतं. काटकी उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकली, मातीत खत मिसळलं आणि सावलीत वाढणारे नेचे लावले.

त्यांनी छान मूळ धरलं. मग पानं कडेने करपू लागली. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय, काही कळेना. एका सकाळी चहाचा कप घेऊन तिथेच बसून राहिले.

आणि ऊन आलं. चौकोनी, थरथरतं. जमिनीवरून सरकत नेच्यांवर येऊन थांबलं. सूर्य घराच्या पलीकडे होता. मी मान वर करून पाहिलं.

तो झोत शेजारच्या इमारतीतल्या मावशींच्या गॅलरीतून येत होता. मावशी आईची मैत्रीण. गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नाहीत. आईला शेवटचं बघायलाही येऊ शकल्या नव्हत्या. तिथलं जे काही चमकतंय ते झाकायला सांगावं, म्हणून मी वर गेले.

मावशी गॅलरीत स्टुलावर बसल्या होत्या. समोर कठड्याला टेकवलेला आरसा. त्याच्या खालच्या कोपऱ्यात बदकाचं चित्र चिकटवलेलं. ते लहानपणी मीच चिकटवलं होतं, आईच्या कपाटाच्या आरशावर. कपाटाच्या दारावर आता नुसती स्क्रूची भोकं आहेत. मला वाटलं होतं, आरसा फुटला असेल.

"ये गं. तिथे नको उभी राहूस, माझ्या उन्हात येतेस."

"मावशी, हा आरसा..."

"तुझ्या आईनेच आणला. धापा टाकत जिने चढली. म्हणाली, तुझ्याकडे ऊन नुसतं लोळत पडलेलं असतं, जरा माझ्या गुलाबाकडे पाठव. अशी बाई! सूर्यालासुद्धा कामाला लावलं." त्या हसल्या. "दवाखान्यातून फोनवरही तेच, आरसा चुकवू नकोस. नाही चुकवला. मला मेलीला इथून सगळं धूसर दिसतं. सांग ना, कळ्या आल्यात का?"

मी दारातच खाली बसले.

"वाळकी काटकी समजून मी तो उपटला, मावशी."

ऊन सरकलं होतं. सवयीने त्यांनी आरसा किंचित कलता केला, आणि मग हात तसाच राहिला.

"मग इतके दिवस मी ऊन टाकत होते कशावर?"

"माझ्या नेच्यांवर. करपले."

"अगं बाई!" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "मग आता? झाकून ठेवू हे?"

हेच तर सांगायला मी आले होते.

"नको. ऊन तिथेच राहू दे. नेचे मी बाजूला घेते. गुलाब आणते."

"तू लावणार?" मावशींनी डोळे बारीक केले. "तुझी आई तर म्हणायची..."

"माहीत आहे काय म्हणायची."

खाली आले. नेचे मुळांसकट काढून एकेक करून सावलीत नेले. काटकी होती तिथली माती उघडी पडली. वरून ऊन जराही हललं नाही. मी तिथे हात ठेवला. माती गरम होती.