सुयिन्शीत गेलेली टोपी

"सुयिन्शी! सुयिन्शी!" शेजारचा कादेन बुटांसकट घरात घुसला.

आमच्याकडे कुणी सुयिन्शी मागितली की आधी भेट द्यायची, मग आनंदाची बातमी ऐकायची. आमच्या ह्यांना दम कुठला! लेकीने पहिल्या पगारातून आणलेली कोल्ह्याच्या कातड्याची टोपी खुंटीवरून काढली आणि त्या आगाऊ माणसाच्या डोक्यावर चढवली.

"अहो, ती नको!" मी ओरडले.

"दिली ती दिली. बोल रे आता!"

"आपलं वीजकेंद्र बंद होत नाही! अजून दहा वर्षं कोळसाच जाळणार. निवडणूक तोंडावर आलीय, कोळशाची वीज स्वस्त. बंद करायची कुणाची छाती आहे?"

ह्यांची हयात त्या केंद्राच्या बॉयलरपाशी गेली. ह्यांनी कादेनदेखत मला चक्क मिठी मारली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी सणावारी करतो तसं घोड्याचं मांस शिजायला टाकलं.

"आणि पवनचक्क्या?" मी विचारलं. त्या गावाबाहेरच्या माळावर उभ्या राहणार होत्या आणि आमची अकमारल तिथेच इंजिनियर म्हणून येणार होती. सहा वर्षांनी लेक घरी राहणार, म्हणून मी तिची खोलीसुद्धा रंगवून घेतली होती.

"त्याही फिरतील की! वारा काय कुणाच्या बापाचा आहे?" कादेन हसला.

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. चेहरा पांढराफटक.

"आई, मी येत नाहीये. आमचं काम रद्द झालं."

"रद्द? अगं, माळावर खांब येऊन पडलेत!"

"पडू देत. तिथून वीज बाहेर न्यायला तार एकच आहे. ती रिकामी होणार म्हणून तर आम्ही येत होतो. आता म्हणे होणार नाही. का, ते कुणी सांगत नाही. कंपनीने गाशा गुंडाळला. मला स्पेनला पाठवतायत."

म्हणजे केंद्र चालू राहणार, म्हणून ती तार कोळशाच्याच विजेने भरलेली राहणार! चुलीवर मांस रटरटत होतं. ज्या बातमीसाठी ते चढवलं, तिनेच माझी लेक नेली होती! मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा, कादेनकाकांच्या डोक्यावर माझी टोपी?" अकमारलने डोळे पुसले, हसायचा प्रयत्न केला. "सुयिन्शीत दिलीत होय? चला, आज घरात काहीतरी चांगलं झालं म्हणायचं. काय झालं? सांगा ना, बाबा."