खालच्या ओठाची नोंद

विमा कंपनीचे पत्र मी तिसऱ्यांदा वाचले आणि तिसऱ्यांदाही त्याच ओळीवर अडकलो : "अर्जदाराच्या पतीने सादर केलेल्या मोजमापांनुसार जखमेचा व्रण सातत्याने कमी होत असून..." पुढचे वाक्य लांबलचक होते, पण अर्थ सरळ होता. माझ्या पत्नीच्या चेहऱ्याची इजा त्यांनी 'किरकोळ' या वर्गात टाकली होती, आणि पुरावा म्हणून माझाच तक्ता जोडला होता. पत्र मान्य नसल्यास गुरुवारी अकरा वाजता सुनावणीला यावे, असे शेवटी लिहिले होते.

हा तक्ता कसा जन्मला, ते सांगितले पाहिजे. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलो तो मी थेट कारखान्याच्या मोजमाप कक्षात शिरलो आणि निवृत्तीच्या दिवशीच तिथून बाहेर आलो. यंत्रावर घडवलेला भाग बरोबर आहे की नाही, हे मी ठरवत असे. आणि ज्या मापकांनी ठरवायचे ती मापके बरोबर आहेत की नाहीत, हेही मीच पाहत असे. अशा माणसाच्या घरात काही बिघडले, तर तो आधी रडत नाही, आधी मोजतो.

सात महिन्यांपूर्वी पत्नी अस्तराचे कापड आणायला गेली होती. बायकांचे कपडे शिवण्याचे तिचे काम आमच्या आतल्या खोलीत चालते. दुकानदार दारावरचे घडीचे कापडी छप्पर उघडत होता. त्या छपराचा लोखंडी हात स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध एका पोलादी खुंटीने अडवलेला असतो. ती खुंटी हरवली होती, आणि तिच्या जागी त्याने साधा खिळा घातला होता. खिळा वाकला, हात सुटला, आणि खाली उभ्या असलेल्या माझ्या पत्नीच्या तोंडावर बसला. खालचा ओठ डावीकडे फाटला तो हनुवटीपर्यंत.

दुकानदार भला माणूस. त्याने काहीही लपवले नाही. तिला स्वतः रुग्णालयात नेले आणि विमा कंपनीलाही स्वतःच कळवले. म्हणजे चूक कोणाची, हा वाद नव्हताच. वाद होता तो इजा किती, याचा. आणि 'किती' हा माझा प्रांत होता.

टाके निघाल्यापासून मी दर रविवारी सकाळी दहा वाजता तिला त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीवर बसवू लागलो. व्हर्नियरच्या जबड्यांना मऊ पट्टी लावून व्रणाची लांबी, रुंदी आणि उंचवटा घेतला. रंगासाठी तिचेच दोऱ्यांच्या छटांचे कार्ड गालाशी धरले आणि जुळणाऱ्या छटेचा क्रमांक लिहिला. बावीस आठवडे, बावीस ओळी, खाली आलेख. कंपनीने छायाचित्र आणि डॉक्टरांचा कागद एवढेच मागितले होते. मी तक्ताही जोडला. इतका नीटस कागद त्यांच्याकडे कधी आला नसेल, असे मला वाटले होते. तसे खरेच झाले.

"भावजी, एक विचारू?" मेहुणा पत्र खाली ठेवत म्हणाला. तो रंगाच्या डब्यांचा विक्रेता, पण वाद घालण्याच्या आवडीमुळे घरात त्याचे नाव 'वकील' पडले आहे. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"खरं तेच लिहिलंय मी."

"खरं लिहिलंत हो! पण कोणी विचारलं होतं का? आणि वर आलेख! चढता असता तर एक वेळ समजलो असतो, पण उतरता!"

"व्रण कमी होत होता, तर आलेख चढता कसा काढणार?"

"धन्य आहे. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. तुम्ही धोंड्याचं वजनसुद्धा लिहून दिलंत."

आतल्या मशीनचा आवाज थांबला. गेले तीन दिवस पत्नी माझ्याशी जेवण वाढण्यापुरतेच बोलत होती.

"त्यांना काही म्हणू नकोस," ती आतूनच म्हणाली. "त्यांनी मोजलं ते बरोबरच असणार. आधी मी दोनशे चौदा नंबरची होते, आता दोनशे नऊ झाले. अजून थोडी फिकट झाले की परत दुकानात ठेवतील."

वकील हसला. मला हसू आले नाही. मशीन पुन्हा सुरू झाले, पण दोन टाके घालून थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. पूर्वी तिचे मशीन असे अडखळत नसे.

खरे नुकसान काय होते, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते. अर्जात मात्र ते एका ओळीत आटोपले होते. कपडा अंगावर बेतताना शिंपीणबाईचे दोन्ही हात कापडात गुंतलेले असतात. टाचण्या ती ओठांत धरते आणि हवी तेव्हा एकेक काढून घेते. पस्तीस वर्षे तिने याच पद्धतीने काम केले. अपघातानंतर तिने पुन्हा टाचण्या ओठांत धरून पाहिल्या, तेव्हा समोरची गिऱ्हाईक बाई एकदम किंचाळली, "अहो, रक्त!" टाचणी ओठात रुतली होती आणि हिला पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून तिने अंगावर बेतून शिवायचे कपडे घेणे बंद केले. आता उरले होते ते उशांचे अभ्रे आणि पडद्यांच्या किनारी.

बुधवारी दुपारी मी घरात येरझाऱ्या घालत होतो. गुरुवारी तिने अधिकाऱ्यापुढे टाचण्या धरून दाखवाव्यात, अशी वकिलाची सूचना होती. मला ती पटली नाही. टाचणी मुद्दाम पाडणे कोणालाही जमते. जिचा निकाल तपासल्या जाणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो, ती चाचणीच नव्हे. मग आठवले : टाके काढताना डॉक्टरांनी तारेची दोन टोके तिच्या ओठाला लावून "एक की दोन?" असे विचारले होते. कागदावर मात्र 'थोडी बधिरता' एवढेच उतरले होते.

मी माझा जुना डिव्हायडर काढला, त्याची टोके दगडावर घासून बोथट केली आणि आधी स्वतःच्या ओठावर प्रयोग केला. तीन मिलिमीटर अंतरावरही दोन टोके वेगळी कळत होती. मग मी तिच्या खोलीत गेलो.

"जरा डोळे मीट."

"आज रविवार नाही."

"या वेळी आकार नाही मोजायचा. मी टेकवीन, तू फक्त एक की दोन ते सांग."

तिने हातातला अभ्रा खाली ठेवला आणि डोळे मिटले. चार मिलिमीटरला ती म्हणाली, "एक." आठला, "एक." बाराला, "एकच." प्रत्येक वेळी दोन टोके टेकलेली मला दिसत होती. चौदाला तिच्या कपाळावर आठी पडली. "दोन... वाटतं."

मी चौदाचा आकडा लिहून घेतला.

"हे आधी का नाही केलंत?" तिने डोळे न उघडता विचारले.

व्रण दिसत होता म्हणून मी व्रण मोजला, हे खरे उत्तर होते. मी डिव्हायडर पुसून पेटीत ठेवला.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, पाण्याचा जग आणि कुरकुरणारा पंखा होता. अधिकारी पन्नाशीचा, अंगाने भरलेला, कानामागे पेन खोचलेला. आमची फाइल उघडताच सर्वांत वर माझा तक्ता होता.

"छान काम आहे साहेब," तो मनापासून म्हणाला. "आमच्या माणसांनी असं काम केलं असतं तर बरं झालं असतं." मग तो पत्नीकडे वळला. "पण बाई, टाचण्या तोंडात धरायच्या, असं शिवणकामाच्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पेन कानामागे ठेवायचं, असं तुमच्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

वकील खोकला. अधिकाऱ्याने पेन काढले, पाहिले आणि टेबलावर ठेवले. "मनगटाला बांधायची उशी मिळते ना टाचण्यांची?"

"मिळते. एका हातात चुणी धरलेली असते. उशीकडे दुसरा हात न्यायला मनगट वळवावं लागतं, आणि मनगट वळलं की चुणी सुटते. तिसरा हात असता तर बांधली असती."

मी डिव्हायडर टेबलावर ठेवला आणि कालची चाचणी सुचवली. "मी स्वतः घेणार नाही," मी म्हणालो. "निकालात ज्याचं हित आहे, त्याच्या हातात मापक असू नये. तुम्ही घ्या."

तो घुटमळला. परक्या बाईच्या ओठाला टोके लावायची, याचा त्याला संकोच वाटत असावा. तो संकोच पत्नीने दूर केला. पिशवीतून स्पिरिट आणि कापूस काढून तिने टोके पुसली आणि म्हणाली, "आधी तुमच्यावर. मिटा डोळे." आणि तो बिचारा खरोखर डोळे मिटून बसला. चार मिलिमीटर. "दोन," तो लगेच म्हणाला. "वा! स्पष्ट कळतात की."

मग डिव्हायडर त्याच्या हाती गेला. मी अंतर लावून देत होतो, तो टेकवत होता आणि उत्तरे लिहून घेत होता. चार : एक. आठ : एक. बारा : एक. कालचेच आकडे येत होते आणि माझा श्वास मोकळा होऊ लागला होता. एवढ्यात त्याने डिव्हायडर ओठाजवळ नेला आणि हवेतच धरून ठेवला.

"एक," पत्नी म्हणाली.

पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. अधिकाऱ्याने डिव्हायडर सावकाश खाली ठेवला. "बाई, मी टेकवलंच नाही."

सगळे संपले, असे मला वाटले. मी घरी प्रत्येक वेळी टेकवले होते. न टेकवता विचारून पाहावे, हे मला सुचलेही नव्हते. आणि कक्षात मात्र काही न मोजता मापक शून्य दाखवते का, हे तपासल्याशिवाय मी एकही माप घेतले नव्हते.

"म्हणजे तुम्ही अंदाजाने बोलताय," तो म्हणाला. आवाज कठोर नव्हता, पण त्याने पेन उचलले होते.

पत्नीने डोळे उघडले. ती गोंधळलेली दिसली नाही. राग आलेला असावा, अशी दिसली.

"टेकवलं नाहीत? मग रोज कोण टेकवतं?"

"म्हणजे?"

"टाके काढल्यापासून इथे काहीतरी आहे. सकाळी उठले की असतं, जेवताना असतं. टाचणी धरल्यासारखं. दिवसातून पन्नास वेळा हात लावून बघते, तर काही नसतं. आणि खरोखर टाचणी रुतली, तेव्हा समजलं नाही." तिने पदराने ओठ पुसला. "टाचणी पडेल म्हणून मी काम सोडलेलं नाही हो. पडली तर उचलता येते. ओठात आहे की नाही तेच कळत नाही, म्हणून सोडलं. एखादी गिळली तर?"

अधिकारी फाइल चाळू लागला. "हे अर्जात कुठेच नाही."

"अर्जात तसा रकाना नव्हता."

"घरी सांगितलं होतंत?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. "यांच्या तक्त्यातही नव्हता."

पन्नास वेळांतल्या निदान पाच वेळा तरी मी तिला रोज टोकत असे : हात लावू नकोस, व्रण बिघडेल, माप बदलेल.

मी तक्ता परत मागितला. दाखल झालेला कागद परत देता येत नाही, असे अधिकारी म्हणाला. शेरा लिहायचा असेल तर लिहा. मी त्याचेच पेन घेतले आणि बाविसाव्या ओळीखाली लिहिले : 'वरील मापे अचूक आहेत. इजा या मापांत आलेली नाही.' खाली सही केली. ती दोन वाक्ये लिहिताना लागला त्याहून जास्त वेळ मला त्या सहीला लागला.

अधिकाऱ्याने ते वाचले, आणि मग बराच वेळ स्वतः लिहीत राहिला. 'किरकोळ' हा शब्द खोडून त्याने 'उपजीविकेच्या कामात बाधा' असे लिहिले आणि कागद आमच्याकडे फिरवला. कंपनीचा मज्जातंतूंचा डॉक्टर तपासेल, अंतिम आकडा त्यानंतर ठरेल. "वर्षभराने पुन्हा एकदा तपासणी करावी म्हणतो," तो म्हणाला.

"वर्षाने बरी झाले, तर पैसे परत मागणार?"

"नाही, तसं नाही..."

"मग आज जे आहे ते आज लिहा."

तो हसला, आणि ती ओळ त्याने गाळली. तिने सही केली.

वकील कामावर गेला. आम्ही दोघे बसथांब्यावर उभे राहिलो. आपण जिंकलो, असे मी मनाशी दोनदा म्हणून पाहिले, पण चैन पडेना. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत मी रस्त्याकडे पाहत होतो. शेवटी विचारले, "आत्ता आहे?"

"आहे."

"कुठे?"

तिने आजूबाजूला पाहिले, मग माझे बोट धरून ओठाला लावले. "इथे नाही. जरा खाली. अजून डावीकडे... हां."

माझ्या बोटाला काहीच लागत नव्हते. थांब्यावरचा एक माणूस वर्तमानपत्राच्या कडेवरून आमच्याकडे टक लावून पाहत होता. या वयात हे काय, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. मी बोट काढू लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचं बोट असलं की ते दुसरं जातं."

आमची बस आली, थांबली, कंडक्टरने आमच्याकडे पाहून घंटी वाजवली आणि बस निघून गेली.