पोप जिवंत असताना शिवलेला झगा

मी पोपचा झगा बोलतोय. पांढराशुभ्र, तेहतीस बटणांचा! पण कुठल्या पोपचा, हे शिवताना कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिथेच मला पहिला संशय आला.

कसं असतं, पोप वारले की रोममधला आमचा टेलर ओत्ताव्यो तीन झगे शिवतो. लहान, मधला, मोठा. निवडून कोण येईल, जाडा की बारीक, काय सांगावं! मी मधला. पण आमची ऑर्डर आली तेव्हा पोप चक्क जिवंत होते हो! सकाळीच टीव्हीवर खोकत होते.

"नीवेस, म्हाताऱ्याचा काटा काढतायत बघ," ओत्ताव्यो मुलीला म्हणाला. दुपारी रेडिओवर बातमी फुटली.

"बाबा, राजीनामा देतायत ते."

"देणार कुणाला? पोपला साहेब असतो का?"

"सातशे वर्षांपूर्वी एकाने दिलाच होता की. नंतरही दिलेत."

"आणि त्या पहिल्याला पुढच्याने मरेपर्यंत कोंडून ठेवलं, तेही सांग ना! कुणीतरी ढकललंय याला. तुला तर काय, मलाच या मशीनवरून उठवायचंय!"

"तीन काजं वाकडी झालीयत बाबा," नीवेस एवढंच म्हणाली.

माझीच होती ती काजं!

नव्या पोपना मोठा झगा बसला. मी हँगरवर लटकलो. मग निरोप आला, जुन्या पोपना साधा झगा हवाय. आता पद नाही, म्हणून नीवेसने माझ्या खांद्यावरचा केप कापला. तिघे निघालो. माप हे नुसतं निमित्त, ओत्ताव्योला ढकलणाऱ्याचं नाव काढून घ्यायचं होतं.

मला जुन्या पोपच्या अंगावर चढवून, गुडघ्यांवर बसून तो खालची दुमड टाचायला लागला आणि कुजबुजला, "फादर, सांगाच. कुणी घालवलं तुम्हाला?"

मी छातीवरच होतो. श्वास रोखला!

"गुडघ्यांनी," ते म्हणाले. "ऊठ आता."

ओत्ताव्योला उठताच येईना. हात द्यायला ते वाकले, तर तेही वाकलेलेच राहिले! शेवटी दोघांना नीवेसने सरळ केलं. फादर पोट धरून हसले. ओत्ताव्यो हसला नाही. हातातल्या टाचण्या त्याने मुलीकडे दिल्या. "दुमड तू शिव. यापुढे तूच शिव."

आता माझी कोपरं विरलीयत. वाकडी काजं तशीच आहेत, फादर कुणाला ती उसवू देत नाहीत. माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. कुणाच्या भीतीने धडधडतंय का, म्हणून रोज त्यांची छाती ऐकतो. अजून तरी तसं काही सापडलं नाही. तुम्हालाही शंका असेल तर या, विचारा. फक्त जरा हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.