कळकलेली धार

हसू नका, मित्रांनो. पोट सुटलेला आणि लांब नळीचा मी एक जुना तांब्याचा भबका आहे. ठाण्याच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि कळव्याच्या अल्फान्सोच्या आज्याने मला घरी आणलं. आंबवलेली मोहाची फुलं माझ्या पोटात उकळायची. मद्याची वाफ आधी निघते, पाणी मागे रेंगाळतं. ती वाफ गार पाण्यात बुडवलेल्या नळीतून गेली की मद्याची धार लागायची. लग्न असो की बाप्तिस्मा, माझ्यावाचून पान हलत नसे. काय तोरा होता माझा! दरवर्षी मला आतून कल्हई व्हायची.

मग सरकारचा नवा आबकारी कायदा आला. घरी दारू गाळली की हातात बेड्या. अल्फान्सोने मला मिठागराजवळच्या चिखलात पुरलं. वर्षानुवर्षं खारं पाणी मुरून मी आतून कळंकाने, तांब्याच्या हिरव्या विषारी गंजाने भरलो. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

लुसीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मला उकरून काढलं. एकुलती एक लेक! तिच्या मांडवात सरकारी दुकानातली दारू वाढायची, या विचाराने त्याचा जीव तुटत होता.

त्याची बायको रोझा म्हणाली, "अवो, आधी कल्हई करून घ्या. तांब्यात ताकसुद्धा कळकतं."

"आणि कल्हईवाला गावभर बोंबलला म्हणजे? लेकीच्या लग्नात मी तुरुंगात! राखेने घास, झालं."

पोट घासलं, पण नळीत हात जातो कुठे? अल्फान्सोचा धाकटा भाऊ डेनिस याने चूल पेटवली. आंबट वाफेने नळीतला कळंक विरघळला आणि धारेत उतरला. पाहुण्यांच्या आधी घरधन्याने चाखायची, ही तिथली रीत. मेल्या, थुंक, असं ओरडावंसं वाटलं मला! अल्फान्सोने तोंड वाकडं केलं, "कडक हाय गो!" म्हणाला आणि पेल्यामागून पेला रिचवला.

हिरवं ओकून ओकून तो गेला. रोझाने उरलेली दारू गटारात ओतली. मित्रांनो, तुमच्या घरातली तांब्याची भांडी आजच आतून बघा. हात जोडतो, हयगय करू नका.

खरं कळलं असतं तर डेनिसला पोलिसांनी नेलं असतं. म्हणून रोझाने दारातूनच सांगितलं, "पटकी झाली." झालं! साथीच्या भीतीने शेजाऱ्यांनी कड्या लावल्या. लुसीच्या सासरची माणसं वाटेतूनच परत फिरली. शवपेटीला खांदा द्यायला कोणी येईना. पुढे एकटा डेनिस, मागे रोझा. हिरवा चुडा भरलेली लुसी पेटीपाशी आली.

"आये, खरं सांगू का गो लोकांना? खांद्याला तरी येतील."

रोझाने दिराकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचून ती म्हणाली, "उचल."