सडकेवरचा जवस

वडनेरवरून डांबरी सडक गेली आणि आम्हा शेतकऱ्यांच्या अंगात आळस शिरला. खळं सारवा, बैल फिरवा, एवढा खटाटोप कोण करणार? पीक सडकेवर पसरलं की मोटारीच्या चाकांनी फुकटात मळणी होते. मी तर अकलेचे तारेच तोडले. जवस टाकला, तोही थांब्याच्या तोंडाशी. जवसाचा दाणा चिमटीतूनसुद्धा निसटतो, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का?

सत्तावन्न सालच्या फाल्गुनात हिंगणघाटची मोटार आली. प्रेमदास ड्रायव्हरने थांब्याशी ब्रेक दाबला, आणि मोटार घसरत जाऊन कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या डोमाजीवर आदळली. डोमाजी माझा शेजारी. त्याला खाटेवर घालून दवाखान्याकडे नेलं, पण तो वाटेतच गेला.

पोलीस जमादार आला तेव्हा सडक स्वच्छ होती. प्रेमदास हात जोडून सांगत होता, "जवस होता जी, चाक घसरलं." जमादाराने मला विचारलं.

"जवस? इथं त काहीच नव्हतं," मी म्हणालो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गावही गप्प राहिलं. आज माझा जवस, उद्या त्यांची तूर. वर कोणीतरी म्हणालं, "पिऊन असन." मीही होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

प्रेमदासला कामावरून घरी बसवलं. महिन्याने चौकशीचे साहेब चावडीत आले. मी उत्तर घोकून गेलो होतो. पण डोमाजीची बायको देवकाबाई पदर पसरून म्हणाली, "या डायवरले सोडू नका जी. खोटं बोलून राह्यला." प्रेमदासने मान वर केली नाही. मला बसवेना.

"जवस होता साहेब," मी उठून म्हणालो. "माहाच होता. या माणसाचा गुन्हा नाई."

साहेबांनी लिहून घेतलं. यापुढे सडकेवर कोणी दाणा टाकायचा नाही, असंही तिथेच ठरलं आणि सगळ्यांनी मुकाट अंगठे दिले. मला वाटलं, सुटलो.

देवकाबाई माझ्याकडेच बघत होती. "नत्थूभाऊ, त्याईच्यात जीव होता तवा. खाट उचलाले माणसं कमी पडले. म्या तुमाले हाका मारल्या. तुमी सडकेवरच होते ना?"

"होतो."

"मंग काऊन नाई आले?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"जवस झाडून राह्यलो होतो, वयनी."